धडधाकट मासे

आता तुम्हीच सांगा, घरात आजारपण शिरलं म्हणून डॉक्टरकडे जायचं झालं, तर कुणी घरातला सगळ्यात धडधाकट माणूस उचलून नेतं का? ताईने नेला. माणूस नव्हे, मासे. तिच्या मासे वाढवायच्या टाक्यांमध्ये रोज सकाळी दोन-चार मासे पोट वर करून तरंगत होते, आणि ही बाई तपासणीला कोणते मासे घेऊन गेली? तर झाकण उघडताच तोंडावर पाणी उडवणारे, चकचकीत खवल्यांचे, चांगले गुटगुटीत! निघायच्या आधी डबा बाहेरून घासूनपुसून घेतला, पाणी बदललं, वर स्वच्छ फडकं बांधलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला नेतात ना, तसा थाट.

तपासणी करणारी तिची सख्खी धाकटी बहीण. माशांना होणारे आजार ओळखायचे, कुठल्या जंतूने घात केला ते शोधायचं, हाच तिचा धंदा. लहानपणापासून नाकावर जाड भिंगं, म्हणून घरात तिचं नाव चष्मी पडलं ते पडलंच. आता तिच्या हाताखाली चार माणसं काम करतात, पण ताईच्या लेखी ती चष्मीच.

"बघ गं एकदा," ताई म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवला. "सहज आणलेत. खात्री केलेली बरी."

चष्मीने डब्यात वाकून पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. "काय होतंय यांना?"

"काही होत नाही. होऊ नये म्हणून आणलेत."

चष्मीने मासे तपासले. कल्ले पाहिले, मूत्रपिंडातून टोचून जंतू वाढवायच्या बशांवर पेरलं, यकृताचे ठसे काचेवर घेऊन रंगवले. अहवाल आला, काही आढळलं नाही. आढळणार कुठून, डोंबल? ताईने तो कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "बघा! तुम्ही उगाच घोर लावून घेता. काही नाही म्हणतेय ती."

ताईचा नवरा म्हणजे टाक्यांच्या पंपांचा धनी. हवा सोडायचे पंप, पाणी उपसायचे पंप, जुने पंप, त्याहून जुने पंप. बोलायचं काम त्याने बहुधा पंपांवरच सोपवलं होतं, त्यामुळे स्वतः फारसा बोलायचा नाही. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "मग मागच्या टाकीतल्यांचं काय?"

"त्यांचं मी बघते."

मागच्या टाकीबद्दल सांगायलाच हवं. शेडच्या अगदी टोकाला, जिथे कुणी पाहुणा जायचा नाही, तिथे एक लहान टाकी होती. तिच्यावर ताईने जुनं गोणपाट टाकलं होतं. कुठला मासा खायचा थांबला, पाठ चाकूसारखी बारीक झाली, अंगावर जखम उमलली, एक डोळा बाहेर आला, की ताई त्याला हळूच जाळ्यात घेऊन गोणपाटाखाली नेऊन सोडायची. पुढच्या टाक्या मग कशा भरल्या घरासारख्या दिसायच्या. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं विकत घ्यायला लोक यायचे ते पुढच्याच टाक्या बघायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्या माशांची बातच न्यारी." ताई हसायची. आणि त्यांना हळूच दाराकडे वळवायची.

तिला वेड लागलं होतं का? छे. मूर्ख होती का? अजिबात नाही. पाण्याचा नुसता वास घेऊन ती सांगायची की आज टाकीत खाणं जास्त पडलंय. मग ती असं का वागत होती? भीती, दुसरं काय. आणि ती भीती तिने लहानपणीच अनुभवलेली होती.

या टाक्या बाबांच्या. दोघी बहिणी फ्रॉकमध्ये होत्या तेव्हा असाच आजार आला होता. तपासायला माणसं आली, मासे घेऊन गेली, आणि मग परत आली ती एकच शब्द घेऊन. मारा. सगळे मारा, टाक्या कोरड्या करा, चुना मारा. बाबांनी काही विचारलं नाही, वाद घातला नाही. सगळं उरकलं आणि रिकाम्या टाकीच्या काठावर जाऊन बसले. जेवायला बोलवलं तर यायचे, जेवायचे, परत तिथे जाऊन बसायचे. पुढे टाक्या पुन्हा भरल्या, पण बाबा काही पुन्हा पहिल्यासारखे हसले नाहीत. धाकटी त्या वेळी ठरवून बसली की हे कशाने झालं ते मला कळलंच पाहिजे. थोरलीने ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. आता बोला! दोघींनी आपापला शब्द पाळला, आणि त्यातूनच हा घोळ झाला.

ताईला एकच गोष्ट ठाऊक होती. चष्मीच्या हातात आजारी मासा पडला की ती खरं काय ते सांगणार. आणि खरं जर "मारा" असलं तर? बाबांच्या टाक्या माझ्या हातून जायच्या? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. म्हणून धडधाकट मासे. एकदा नेले, अहवाल चांगला. पुन्हा नेले, पुन्हा चांगला. मधल्या काळात खाद्याच्या दुकानदाराने एक पिवळी पूड दिली, ती ताईने खाण्यात कालवून घातली. जे मासे बरे होते त्यांनी ती आवडीने खाल्ली. जे आजारी होते ते खातच नव्हते, त्यांना औषध लागायचं कसं? गोणपाटाखालची गर्दी वाढत गेली.

तिसऱ्यांदा ताई डबा घेऊन गेली तेव्हा चष्मीच्या कपाळावर आठी होती.

"ताई, तू मला मासे दाखवतेस की मिरवतेस?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं की माझ्याकडे लोक मरायला टेकलेले मासे आणतात. मेलेला आणला तरी उपयोग नसतो, मेला की पाण्यातले सगळे जंतू आत घुसतात, मग खरा गुन्हेगार गर्दीत सापडत नाही. आजारी आणि जिवंत, असा लागतो. तू आणतेस ते मासे माझ्याहून तंदुरुस्त आहेत."

"मग चांगलंच आहे की! तुला तंदुरुस्त मासे बघवत नाहीत का?"

चष्मी हसली नाही. "इथे सही कर," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

ताईने डाव्या हाताने पेन घेतलं. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता, तो तिथेच राहिला. डाव्या हाताने सही करायला गेली तर ती सही कोंबडीने केल्यासारखी उमटली.

"हात दाखव."

"कुठला?"

"ताई, तुला दोनच आहेत. खिशातला दाखव."

"अगं, काही नाही. टाकीचा पत्रा लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मलम दिलंय."

"कधी लागला?"

"झाले असतील काही दिवस."

दिवस कसले, चांगले महिने झाले होते. चष्मीने तो हात जवळजवळ ओढूनच बाहेर काढला, पट्टी सोडली. मधलं बोट सुजून जांभळं झालं होतं, सांध्यावर एक न भरणारी जखम, कडेला खपली. चष्मीने स्वेटरची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर एक गाठ, तिच्या वर दुसरी, कोपराकडे जाणाऱ्या रांगेत तिसरी. दुखत नाहीत गं, असं ताई म्हणत होती, पण चष्मी ऐकत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू माशांना हाताने खाऊ घालतेस ना? अजून?"

"सगळ्यांना नाही. म्हातारीला." म्हातारी म्हणजे पैदाशीची सगळ्यात जुनी मादी. अर्ध्याअधिक टाक्या तिच्या पोरानातवंडांनी भरलेल्या. ताईने पाण्यात हात धरला की म्हातारी खालून वर यायची आणि बोटांमधून दाणे टिपायची. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती यायची नाही, यात ताईला कोण आनंद!

"जखम असताना?"

"अगं, एवढीशी तर होती."

चष्मी खुर्चीत बसली. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग तिने फोन उचलला आणि ओळखीच्या त्वचेच्या डॉक्टरांशी बोलली. ताईला अर्धं कळलं, अर्धं नाही. गाठीतला छोटा तुकडा काढा. अर्धा तुमच्याकडे ठेवा, अर्धा मला पाठवा. आणि हो, त्यातला जंतू नेहमीसारखा अंगाच्या उबेला वाढवू नका, त्याहून गार ठेवा, नाहीतर काहीच उगवणार नाही.

"गार का?" ताईने विचारलं. एवढ्यातही तिचं कुतूहल सुटलं नाही, बाबांचीच मुलगी ती.

"मला वाटतंय हा जंतू माशांचा आहे, आणि त्याला आपली ऊब सोसत नाही. म्हणून तर तो बोटात, हातात अडकून राहतो. शरीराच्या आत त्याला गरम होतं."

"म्हणजे माझ्या बोटात मासे शिरलेत म्हण की!" ताई हसून म्हणाली.

"हसू नकोस," चष्मी म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही चिरला की ताईचं हसू तिथेच विरलं.

तुकडा काढला, टाका पडला. डॉक्टर म्हणाले, जंतू वाढायला आठवडे लागतील, पण काचेवरचा ठसा लगेच बघता येईल. दुसऱ्या दिवशी चष्मीने ताईला बोलावलं. बरोबर दाजीही आले, म्हणजे ताईचा नवरा. पंप सोडून तो माणूस कुठे जात नाही, तो आला यावरून काय ते समजा.

चष्मीने सूक्ष्मदर्शकाची खुर्ची मागे सरकवली. "तूच बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बस आणि बघ गं."

ताईने डोळा लावला. आधी नुसतीच पापणी दिसली. मग चष्मीने चक्री फिरवली आणि सगळं निळं झालं. त्या निळ्यात बारीक लाल काड्या. कुठे एकटी, कुठे तीन-चार एकमेकींना टेकून. दिसायला छानच दिसत होत्या, खोटं कशाला बोला.

"या लाल काड्या कसल्या?"

"हाच तो. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. याला रंग लागला की आम्लाने धुतला तरी सोडत नाही, म्हणून लाल दिसतो. बाकीचे सगळे निळे होतात."

"हे माझ्यातले?"

"हो."

ताई डोळा लावून तशीच बसून राहिली. वर बघायचा धीर होत नव्हता. शेवटी तिने भिंगात बघतच विचारलं, "आणि टाकीतले?"

 चष्मीकडे अहवाल होते, तिन्ही वेळचे, तिन्हींवर तिची सही होती आणि तिन्हींवर काही आढळलं नाही असंच होतं.  बोलला तो पंपवाला.

"मागे गोणपाटाखाली टाकी आहे," दाजी म्हणाले. "मी आधीच सांगायला हवं होतं."

ताईने झटक्यात मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. जन्मभर तोंड न उघडणाऱ्या माणसाने आजच उघडावं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला, अगदी ओठांवर शब्द आले. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस रडतोय. आवाज नाही, काही नाही, नुसतंच पाणी वाहतंय. तिच्या बोटाकडे बघून रडतोय. ताईचा राग कुठल्या कुठे गेला.

"चल," ती चष्मीला म्हणाली. "दाखवते."

गोणपाट तिने स्वतःच्या हाताने बाजूला केलं. चष्मी काठावर वाकली. वाळलेले, मोठ्या डोक्यांचे मासे भिंतीला टेकून होते. कुणाची पाठ वाकडी, कुणाच्या कुशीला उघडी जखम. कुणी हलत होतं, कुणाला हलायचाही कंटाळा. ताईला वाटलं, आता ही ओरडणार. केवढा वेळ फुकट घालवलास, शिकलेल्या माणसाला वेड्यात काढलंस, बोल, काय वाट्टेल ते बोल.

"एकटीने बघत होतीस हे सगळं?" चष्मी म्हणाली.

एवढंच. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चष्मीने दोन मासे निवडले आणि तिथेच शेडमधल्या टेबलावर उघडले. प्लीहा सुजलेली, तिच्यावर रवा सांडावा तसे पांढरे कण. मूत्रपिंडावर तेच, यकृतावर तेच. ठसे घेऊन ती गेली, आणि संध्याकाळच्या आत तिचा फोन आला. तेच लाल. मग पुढच्या टाक्यांतले, ताईने मिरवलेले धडधाकट मासेही तिने मागवले, या वेळी प्रत्येक टाकीतून बरेचसे. तिन्ही वेळा ताई थोडेच न्यायची, आणि तेही निवडून. आता नीट मोजून-मापून घेतले तर पुढच्या टाक्यांतही तो निघाला. बाहेरून चकचकीत, आत कण.

हा सगळा निकाल घेऊन चष्मी सकाळी आली. आली आणि पंपांबद्दल बोलू लागली. पंप छान चाललेत म्हणाली. पाण्याचा रंग कसा आहे ते बोलली. दाजींना घरच्या नळाबद्दल काहीतरी विचारलं. ताई बघत होती. ही पोरगी लहानपणी दात उपटायला न्यायच्या आधी अशीच बडबड करायची.

"याला औषध नाही ना?" ताईने विचारलं.

चष्मीने मान हलवली. "माशांना नाही. जे बरे दिसतात तेही पसरवत राहणार. पाण्यातून, एकमेकांना खाऊन, आणि..." तिने ताईच्या हाताकडे पाहिलं.

"आणि ज्यांनी माझी बोटुकली नेली?"

"त्यांना कळवायला हवं."

ताईने फोन घेतला. तिथेच, बहिणीसमोर उभी राहून एकेका गिऱ्हाइकाला लावला. माझ्याकडचे मासे आजारी आहेत. हो, माझ्याकडचेच. पिल्लं वेगळी काढा, हातमोजे घाला, माझी बहीण तुमच्याकडे येईल. एकाने दोन शब्द सुनावले, ते तिने ऐकून घेतले. एकाने उलट तिच्याच तब्येतीची चौकशी केली, तेव्हा मात्र तिने फोन दाजींच्या हातात दिला. ते म्हणाले, "ती बरी होईल," आणि ठेवून दिला.

मग ताई बहिणीकडे वळली. "तू म्हणू नकोस," ती म्हणाली. "मीच म्हणते. सगळे मारायचे."

काम दुपारभर चाललं. मोठ्या टबात लवंगेचं तेल घातलेलं पाणी. मासा आत सोडला की आधी जरा डुलतो, मग आडवा होतो, मग कल्ले हळूहळू थांबतात. चष्मी एकेक टाकी उपसत होती, दाजी बादल्या वाहत होते. ताईला कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे घातले होते आणि फक्त मासे मोजायला बसवलं होतं, पण ती मोजत नव्हती.

म्हातारीची टाकी शेवटची.

"ही माझी," ताई उठत म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्या हाताला ती येणार नाही. पळत सुटेल, घाबरेल. तिला घाबरवून मारायची नाही."

तिने मोजा घातलेला हात पाण्यात धरला. म्हातारी खाली कोपऱ्यात होती. वळली. वर आली, अर्ध्यापर्यंत. मग त्या काळ्या रबराभोवती एक फेरी मारली आणि परत खाली गेली. ताईने पुन्हा हात हलवला, बोटं चाळवली, नेहमीसारखी. म्हातारी आलीच नाही.

"ओळखत नाही गं ती," ताई म्हणाली. "हा हात तिला ठाऊकच नाही." आणि तिने दुसऱ्या हाताने मोज्याचं टोक पकडलं. "एकदाच. एवढ्याने काय होतंय? लागायचं ते लागलंच आहे मला."

"ताई, हात बाहेर काढ!"

शेडचा पत्रा दणाणला. चष्मी ओरडते हे ताईने जन्मात पाहिलं नव्हतं. ती बादली टाकून धावत आली होती, चष्म्यावर पाण्याचे थेंब, डोळे मागे दिसतच नव्हते. तिने ताईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, दुखेल इतकं घट्ट.

"मासे मेले काय आणि जगले काय, मला काय त्याचं!" ती म्हणाली. "रोज तपासते मी हे, रोज लोकांना सांगते की मारा, कधी काही वाटत नाही. पण त्या काचेवर तुझी गाठ होती गं. मी ती बघत बसले होते आणि मला वाटत होतं की हिने मला आधी दाखवलं का नाही. मला मासे नकोत, टाक्या नकोत. मला तू पाहिजेस. तुला औषध आहे, ताई. सहा महिने गोळ्या घ्यायच्या आणि तू बरी होतेस. माशांना नाही, पण तुला आहे."

 ताईला वाटत होतं, सगळ्यांना टाक्यांचीच पडली आहे, आपल्यालाही, बहिणीलाही. बाबांचं नाव, बाबांच्या टाक्या. कुणीतरी तिच्या बोटासाठी एवढं ओरडेल असं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

तिने मोजा परत कोपरापर्यंत ओढला. मग भिंतीवर टांगलेलं जाळं काढलं, म्हातारीसाठी आजवर कधीच न वापरलेलं, आणि त्याचं दुसरं टोक बहिणीच्या हातात दिलं.

"धर नीट," ती म्हणाली. "आणि घाई करू नकोस."